हृदयविकार असलेल्या मुलाचा रक्तदाब, वजन आणि कोलेस्टेरॉल: पालकांनी काय पाहायचं, कसं मोजायचं

शस्त्रक्रिया पार पडली, इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला, की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढे दरवर्षी तपासणीला जायचं, झडप कशी आहे, छिद्र बंद आहे ना, एवढं विचारायचं आणि परत यायचं, असा शिरस्ता पडतो. पण हृदयात दोष घेऊन जन्मलेली बहुतेक मुलं आता मोठी होतात. त्यामुळे मोठ्या वयात कुणालाही गाठू शकणारे उच्च रक्तदाब, मधुमेह, धमन्यांत चरबी साचणं हे आजार त्यांनाही गाठू शकतात. निरोगी हृदय वाढलेला रक्तदाब बरीच वर्षं सोसतं. शिवलेली महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी), एकाच मुख्य कप्प्यावर चालणारं हृदय किंवा जागा बदलून जोडलेल्या कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) धमन्या यांच्याकडे तेवढी शिल्लक ताकद नसते.

धमन्यांच्या आतल्या अस्तरातले बदल लहानपणीच सुरू होतात. त्यांना खतपाणी घालणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी घरात मोजता येतात आणि बदलता येतात. मूळ दोष तुमच्या हातात नव्हता, या गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आहेत.

आधी शस्त्रक्रियेचा कागद काढा

सगळ्या हृदयविकारांत धोका सारखा नसतो, म्हणून सरसकट सल्ल्याचा उपयोग होत नाही. रुग्णालयाच्या कागदांवरून एका पानावर पुढचं लिहून घ्या: दोषाचं नाव, झालेल्या शस्त्रक्रिया आणि तारखा, शंट (रक्त फुप्फुसाकडे वळवणारी जोडणी) घातला असेल तर कोणत्या बाजूला, अजून काय शिल्लक आहे, सध्याची औषधं आणि त्यांचे डोस, आणि खेळावर काही बंधन आहे का. यातलं काही कळत नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडूनच ते पान भरून घ्या. मग आपलं मूल कुठे बसतं ते पाहा.

कोआर्क्टेशन, म्हणजे महारोहिणी एका जागी अरुंद असणं. इथे सगळ्यात मोठी काळजी रक्तदाबाची. दुरुस्ती उत्तम झाली तरी रक्तदाब काही वर्षांनी पुन्हा वाढू शकतो. कधी तो दवाखान्यात ठीक दिसतो आणि पळताना किंवा रात्री झोपेत वाढलेला असतो.

कावासाकी आजारात (लहान मुलांत रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) कोरोनरी धमन्यांना फुगवटे आले आणि ते टिकून राहिले, तर ते मूल सर्वाधिक धोक्याच्या गटात येतं. तिथे गुठळी होऊ शकते, पुढे धमनी अरुंद होऊ शकते. म्हणून बाकीचा प्रत्येक घटक कडकपणे सांभाळावा लागतो. धमन्या कधी फुगल्याच नसतील, तर त्या मुलाला इतर मुलांसारखाच सल्ला लागू होतो. या दोघांत फार मोठा फरक आहे, त्यामुळे 'कावासाकी होऊन गेला' एवढ्यावर थांबू नका, धमन्यांचं काय झालं ते विचारा.

मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल होऊन आर्टेरिअल स्विच शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत कोरोनरी धमन्या कापून नव्या जागी जोडलेल्या असतात. त्यांची तोंडं पुढे अरुंद होण्याची शक्यता राहते, त्यात चरबीची भर नको. फॉन्टन (एकाच मुख्य कप्प्यावर चालणाऱ्या हृदयासाठीची शस्त्रक्रिया) झालेल्या मुलांत रक्त फुप्फुसांकडे कोणत्याही पंपाशिवाय जातं. पायाचे स्नायू आणि श्वास यांच्यावर बरंच काम अवलंबून असतं, म्हणून बसून राहणं आणि वाढीव वजन त्यांना जास्त जड जातं. हृदय प्रत्यारोपण झालेल्या मुलांत नव्या हृदयाच्या धमन्या आतून जाड होत जाऊ शकतात, आणि स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमससारख्या औषधांनी रक्तदाब आणि साखर वाढू शकते. शिवाय प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा कापलेल्या असल्याने छातीत दुखण्याची सूचना मिळेलच असं नाही.

काही सिंड्रोमही (जनुकीय कारणाने येणारे विकार) वेगळी नजर मागतात. टर्नर आणि विल्यम्समध्ये रक्तदाब, डाउनमध्ये वजन, थायरॉइड आणि झोपेत श्वास अडकणं. वेळेआधी किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्या मुलांतही पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त असते.

लहान छिद्र वेळेत बंद झालं आणि काहीच शिल्लक नाही, अशा मुलाचा धोका जवळपास इतर मुलांएवढाच असतो. त्याला आजारी म्हणून वाढवू नका.

रक्तदाब: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

निरोगी मुलांत वयाच्या ३ वर्षांपासून वर्षातून एकदा रक्तदाब मोजतात. हृदयविकार असलेल्या मुलात ३ वर्षांच्या आधीपासून आणि प्रत्येक भेटीत मोजायला हवा. घाईत राहून गेला तर तुम्ही आठवण करून द्या.

पहिली चूक दंडाला बांधायच्या पट्ट्याची. दंडाच्या वरच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या अंतराच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा. पट्ट्याच्या आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी त्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. घेर २० सेंटीमीटर असेल तर पिशवी किमान ८ सेंटीमीटर रुंद आणि १६ ते २० सेंटीमीटर लांब. लहान पट्टा रक्तदाब खोटा जास्त दाखवतो, फार मोठा पट्टा कमी दाखवतो. मूल वाढतं तसा पट्टा बदलावा लागतो, हे वर्षानुवर्षं विसरलं जातं. पट्ट्यावर 'बालक' किंवा 'प्रौढ' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका, दंड मोजा. धिप्पाड किशोराला मोठ्यांचा पट्टाही लहान पडू शकतो.

दुसरी चूक हाताची. रक्तदाब उजव्या दंडावर मोजायचा, कारण तक्ते त्यावरच बेतलेले आहेत, आणि कोआर्क्टेशन सहसा डाव्या हाताच्या धमनीच्या आसपास असल्याने डावा हात फसवू शकतो. अपवाद शंटचा. उजव्या बाजूला ब्लॅलॉक-टॉसिग शंट झाला असेल तर त्या हाताला रक्त कमी पोहोचून आकडा खोटा कमी येऊ शकतो. कोआर्क्टेशनच्या काही दुरुस्त्यांत डाव्या हाताची धमनीच वापरलेली असते. तिथे डाव्या हाताचा आकडा जमेस धरू नये. 'माझ्या मुलाचा कोणता हात विश्वासाचा' हे डॉक्टरांकडून त्या पानावर ठळक लिहून घ्या आणि नव्या नर्सला पहिल्यांदा तेच सांगा.

कोआर्क्टेशनच्या मुलात एका हाताचा आणि एका पायाचा रक्तदाब एकाच भेटीत पाहायला हवा. एरवी पायाचा आकडा हाताएवढा किंवा थोडा जास्त असतो. हाताचा वरचा आकडा पायापेक्षा २० किंवा त्याहून जास्त असेल, तर जागा पुन्हा अरुंद झाली असण्याची शक्यता तपासावी लागते.

मोजताना मूल ३ ते ५ मिनिटं शांत बसलेलं हवं: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीला. लघवी तुंबलेली नको, बोलणं नको, नुकतंच पळून आलेलं नको. रडणाऱ्या बाळाचा आकडा लिहून ठेवू नका, त्याचा काही उपयोग नसतो. घरचं यंत्र मुलांसाठी तपासून प्रमाणित केलेलं आणि दंडावर बांधायचं घ्या; मनगटावरचं नको. एकदा ते दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून घ्या. तपासणीच्या आधीचा आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन आकडे लिहा. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर वर्षभर रोज मोजू नका. त्याने मूल आकड्यांना घाबरायला लागतं आणि त्या भीतीने आकडाही वाढतो.

आकडे कसे वाचायचे? १३ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी सोपं आहे: १२०/८० च्या खाली ठीक, वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत म्हणजे वाढलेला, १३०/८० पासून उच्च रक्तदाबाची पहिली पायरी, १४०/९० पासून दुसरी. १३ च्या आतल्या मुलांसाठी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यानुसार तक्ता पाहावा लागतो: ९० पर्सेंटाइलच्या (तशाच १०० मुलांपैकी ९० जणांचा आकडा ज्याच्या खाली असतो ती रेघ) खाली ठीक, ९५ किंवा त्यावर उच्च. म्हणून प्रत्येक वेळी उंचीही लिहा, नाहीतर आकडा वाचता येत नाही. एका दिवसाच्या आकड्यावरून निदान होत नाही. वेगवेगळ्या भेटींत वाढलेला दिसला, किंवा कोआर्क्टेशन असून आकडे संशयास्पद वाटले, तर २४ तासांचं यंत्र लावायला सांगतात. ते नक्की करून घ्या, कारण रात्रीचा रक्तदाब दुसऱ्या कोणत्याही साध्या मार्गाने नीट कळत नाही.

किशोरवयीन मुलात आकडा १८०/१२० च्या वर, किंवा कोणत्याही वयात वाढलेल्या रक्तदाबासोबत जोराची डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, फिट (आकडी) किंवा गुंगी असेल, तर वाट न पाहता रुग्णालयात जा.

वजन

हृदयविकाराच्या बाळाला पहिल्या वर्षात वजन वाढवण्यासाठी दाट, जास्त उष्मांकाचा आहार देतात. ते बरोबरच असतं: धाप लागणारं बाळ दूध ओढताना दमतं आणि त्याच्या शरीराला ऊर्जा जास्त लागते. शस्त्रक्रियेनंतर ही गरज घटते, पण आहार तसाच चालू राहतो. 'खाल्लं एकदाचं' हा दिलासा घरात इतका मुरलेला असतो की पाचव्या-सहाव्या वर्षी वजनाची रेघ उंचीच्या रेघेला मागे टाकते, तरी कुणाला खटकत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या प्रत्येक भेटीत थेट विचारा: 'वाढीव उष्मांक आता चालू ठेवायचे की कमी करायचे?' स्वतःहून अचानक बंद करू नका, काही मुलांना ते पुढेही लागतात.

उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी वाढीच्या तक्त्यावर मांडा. २ वर्षांनंतर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ८५ ते ९५ पर्सेंटाइलमध्ये म्हणजे जास्त वजन, ९५ च्या वर म्हणजे स्थूलता. एका आकड्यापेक्षा रेघ कोणत्या दिशेला चालली आहे हे जास्त सांगून जातं. शाळकरी वयापासून कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, ही खूणही लक्षात ठेवायला सोपी. बहुतेक वाढत्या मुलांचं वजन उतरवायचं नसतं. वजन आहे तिथे धरून उंची वाढू द्यायची असते. उपाशी ठेवणं, जेवणाऐवजी पावडर, वजन कमी करणाऱ्या गोळ्या हे या मुलांत अजिबात नको.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. दोन-चार दिवसांत वजन भराभर वाढलं, पापण्या किंवा पाय सुजले, पोट फुगलं, तर ती चरबी नाही, पाणी आहे. फॉन्टन झालेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या मुलात हे त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. याच्या उलटही घडतं: हातपाय काटकुळे होत जातात, पण पोटातल्या पाण्यामुळे वजनाचा काटा ठीक दाखवतो.

ताटात काय

मीठ फक्त वरून घातलेल्या चिमटीतून येत नाही, पाकिटबंद आणि तयार पदार्थांतूनही बरंच येतं. पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम पाहा: १२० मिलिग्रॅमपर्यंत कमी, ६०० च्या वर जास्त. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ पुरे, मुलाला त्याच्या आहाराच्या प्रमाणात आणखी कमी.

'कमी सोडियमचं मीठ' मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. एनालाप्रिल, कॅप्टोप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या मुलात त्याने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊन हृदयाचा ठोका बिघडू शकतो. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टींतली ही सगळ्यात घातक.

गोड पेयं बंद. फळांचा रस एक वर्षाच्या आत नकोच. १ ते ३ वर्षांत दिवसाला १२० मिलिलिटरपर्यंत, ७ वर्षांनंतर २४० पर्यंत, आणि त्याहून चांगलं म्हणजे अख्खं फळ. एनर्जी ड्रिंक कोणत्याही वयात नको, ठोक्याचा विकार असेल तर तिथे चर्चाच नाही. निळसर मुलं (रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने ओठ-नखं निळी दिसणारी) आणि शंट असलेली मुलं यांना पाणी कमी पडू देऊ नका. हृदय कमजोर असल्याने पाण्यावर बंधन असेल तर तो आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन किंवा काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) चालू असतील तर ग्रेपफ्रूट टाळा, कारण त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्या मुलाला पालेभाज्या बंद करायच्या नसतात, फक्त त्यांचं प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवायचं असतं.

खेळ

हृदयविकार आहे म्हणून मुलाला मैदानाच्या कडेला बसवणं हे सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात अकारण केलं जाणारं नुकसान आहे. यातल्या बहुतेक मुलांना रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल इतर मुलांसारखीच हवी असते आणि झेपते. बसून राहिलेल्या मुलाचं वजन वाढतं, रक्तदाब वाढतो, स्नायू ढिले पडतात, मग थोडं पळालं तरी दम लागतो आणि त्या दम लागण्याचं खापर हृदयावर फुटून आणखी बंधनं येतात.

बंधन खरोखर लागतं ते ठरावीक ठिकाणी: हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, झडपेचं गंभीर अरुंदपण, काही ठोक्याचे विकार, अरुंद झालेल्या कोरोनरी धमन्या, रुंदावलेली महारोहिणी, नुकताच होऊन गेलेला मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज). मायोकार्डायटिसनंतर ३ ते ६ महिने जोराचा खेळ बंद असतो आणि तपासणीनंतरच परत सुरू होतो. कोआर्क्टेशन किंवा महारोहिणी रुंद असेल तर श्वास रोखून जड वजन उचलणं टाळायचं, कारण त्या क्षणी रक्तदाब उसळतो. पोहणं, सायकल, पळणं याबद्दल वेगळं विचारा. लाँग क्यूटीच्या (ठोक्याचा एक विकार) काही प्रकारांत मात्र पोहणंच धोक्याचं असतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डोक्याला मार लागेल असे आणि अंगाला भिडण्याचे खेळ नकोत. छातीचं हाड उघडून शस्त्रक्रिया झाल्यावर ६ ते ८ आठवडे जड उचलणं, लोंबकळणं नको, आणि बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात कुल्ल्यांखाली, एक मानेखाली.

बराच काळ बसून राहिलेल्या मुलाला रोज १० ते १५ मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. आधी ५ ते १० मिनिटं हळूहळू अंग मोकळं करायचं, शेवटी तेवढाच वेळ वेग उतरवायचा. एकदम थांबल्यावर चक्कर येऊ शकते. जोर किती हे बोलण्यावरून ओळखा: मूल बोलू शकतं पण गाऊ शकत नाही, म्हणजे मध्यम. नाडी मोजून ठरवू नका, बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्या मुलाची किंवा पेसमेकरवरच्या मुलाची नाडी खरं सांगत नाही.

शाळेला तोंडी सांगून भागत नाही. डॉक्टरांकडून तीन वाक्यं लिहून घ्या: काय करता येतं, काय नाही, आणि 'मूल थांबतो म्हणालं की थांबू द्यावं, आग्रह किंवा शिक्षा म्हणून पळवू नये'.

खेळताना शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, एकाएकी धडधड, नेहमीपेक्षा जास्त निळसर किंवा राखाडी पडणं यातलं काहीही झालं तर त्या दिवसापासून तपासणी होईपर्यंत खेळ बंद. पळताना कोसळलेलं मूल प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला आणि जवळ असेल तर एईडी (विजेचा झटका देऊन ठोका ताळ्यावर आणणारं यंत्र) आणायला पाठवा.

रक्ताच्या तपासण्या

कोलेस्टेरॉल सर्व मुलांत ९ ते ११ आणि पुन्हा १७ ते २१ वर्षांत पाहतात. जास्त धोक्याच्या हृदयविकारात २ वर्षांनंतर केव्हाही. घरात वडील, काका, मामा यांना ५५ च्या आत किंवा आई, मावशी, आत्या यांना ६५ च्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल तर ते आवर्जून सांगा. जन्मजात दोषाच्या गडबडीत हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) ११० च्या खाली चांगलं, १३० पासून जास्त. वयात येताना कोलेस्टेरॉल तात्पुरतं घटतं, त्यामुळे १२ ते १६ मधला चांगला आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. ताप किंवा मोठा आजार होऊन गेल्यावर किमान ३ आठवडे थांबून तपासा. जास्त आला तर उपाशीपोटी दोनदा तपासून सरासरी धरतात, औषधाचा निर्णय त्यानंतर.

वजन जास्त आणि सोबत इतर धोके असतील तर १० व्या वर्षापासून किंवा वयात येताना साखरही पाहतात. इथे एक खाच आहे: निळसर मुलांत तांबड्या पेशी जास्त असतात, लोहाची कमतरताही असते, आणि त्यामुळे एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) फसवू शकतो. अशा मुलात उपाशीपोटीची साखर बघायला सांगा. १०० ते १२५ सावधगिरीची, १२६ आणि वर मधुमेहाची.

धूर, झोप, औषधं

घरात किंवा गाडीत कुणीही ओढायचं नाही, खिडकीत उभं राहूनही नाही. ई-सिगारेटच्या वाफेतही निकोटिन असतं, ते ठोका आणि रक्तदाब वाढवतं. किशोरवयीन मुलाला याबद्दल डॉक्टरांनी एकट्याने विचारावं, तुम्ही बाहेर थांबा; तुमच्यासमोर खरं उत्तर येणार नाही.

६ ते १२ वर्षांत ९ ते १२ तास, त्यापुढे ८ ते १० तास झोप हवी. रोज घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दिवसा पेंगणं दिसलं तर सांगा. झोपेत श्वास अडकल्याने रक्तदाब वाढतो आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो.

सर्दीवरच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन रक्तदाब वाढवतं. आयबुप्रोफेनही वाढवतं, शिवाय ॲस्पिरिनचा गुठळी रोखणारा परिणाम अडवतं. कावासाकीनंतर ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलाला तापासाठी आयबुप्रोफेन देऊ नका. त्याच मुलाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या किंवा घरात कुणाला झाल्या, तर ॲस्पिरिनबद्दल लगेच विचारा, कारण रे सिंड्रोमचा (मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर आजार) धोका असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या फॉन्टन झालेल्या किंवा निळसर मुलींत गुठळीचा धोका वाढवतात. मासिक पाळीच्या तक्रारीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.

१२-१३ वर्षांपासून ते एक पान मुलाच्या हातात द्या. दोषाचं नाव, शस्त्रक्रिया, औषधं, कोणता हात मोजायचा हे त्याला स्वतः सांगता यायला हवं, आणि भेटीतला पहिला प्रश्न त्यानेच विचारावा. शिकायला किंवा नोकरीला घर सोडण्याच्या वयात तपासण्या सुटतात, म्हणून मोठ्यांच्या जन्मजात हृदयविकारतज्ज्ञांकडची पहिली भेट बालरुग्णालयातली शेवटची भेट संपण्याआधीच ठरवून घ्या, आणि शस्त्रक्रियेच्या कागदांची एक प्रत मुलाच्या फोनमध्ये ठेवा.